तोंड उघडायला लावणाऱ्या मॅडम

डॉ. विमल गणवीर यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या अपमानाने झाली. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झालो, तो पहिलाच सोमवार होता. ओपीडीची रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेलेली. तिसरा की चौथा रुग्ण समोर येऊन बसला, "कान दुखून राहिला जी" म्हणाला, आणि मी मान खाली घालून केसपेपरवर कानात टाकायच्या थेंबांचं नाव लिहू लागलो. तेवढ्यात मागून एक हात आला आणि माझं पेन काढून घेतलं.

"कानात पाहिलं काय गा तू?"

"मॅडम, रांग फार आहे..."

"रांगेत ते उभे आहेत. घाई तुले काहून?"

ते पेन मला दुपारी ओपीडी संपेपर्यंत मिळालं नाही. मी एकेक कान पाहायचा, काय दिसलं ते तोंडाने सांगायचं, आणि शेजारच्या स्टुलावर बसून मॅडम ते स्वतः लिहून घ्यायच्या. विभागप्रमुख बाई एका नवख्या पोराचा कारकून झाल्या आहेत हे पाहून रांगेतल्या लोकांची चांगली करमणूक झाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या प्रेमळपणाबद्दल पुष्कळांनी लिहिलं असणार, आणि ते खरंच आहे. लहान मुलाच्या कानात, कान पाहायच्या ऑटोस्कोपचं टोक घालण्याआधी त्या ते तळहातात धरून कोमट करायच्या. दुखरा कान सोडून आधी चांगला कान पाहायच्या, म्हणजे पोर घाबरत नसे. एखादं फारच रडायला लागलं तर स्वतःचा कान पुढे करून म्हणायच्या, "आधी तू माहा पाह्य." पण मी लिहिणार आहे ते त्यांच्या रागाबद्दल. मॅडम रागीट आहेत. तो राग नसता तर आज मी कामठीत पाटी लावून बसलो असतो खरा, पण कशाचा डॉक्टर झालो असतो कुणास ठाऊक.

हा राग रुग्णावर कधीच निघत नसे. एकदा एक आई तान्ह्या मुलीला घेऊन आली. कान ठणकतो म्हणून तिने लसूण घालून कडकवलेलं तेल पोरीच्या कानात सोडलं होतं आणि आतली नाजूक कातडी भाजून निघाली होती. मी त्या बाईला फाडफाड बोललो. मॅडमनी माझं बोलणं संपू दिलं, कान साफ केला, आईला समजावून पाठवलं, आणि मग दार लोटून माझ्याकडे वळल्या. "तिनं तेल टाकलं ते मायेनं. तू पहिल्या दिवशी न पाहता थेंब लिहून राहिला होता, ते आळसानं. आता सांग, जास्त कोणाले बोलायले पाहिजे?"

कानदुखी म्हणजे कानाचाच रोग, हा समज फक्त अडाणी माणसाचा नाही, पदवीधरांचाही आहे. मॅडमची शिकवण अगदी साधी होती. आधी बाहेरचा कान पाहा. मळ, पुटकुळी, पाणी जाऊन धरलेली बुरशी, काडी घालून केलेली जखम, सगळं तिथेच दिसतं. मग पडदा पाहा. सर्दीनंतर पडद्यामागे पू साचला असेल तर तो लाल आणि फुगलेला दिसतो, पोरांमध्ये बहुतेक हेच असतं. आणि दोन्ही ठिकाणी काहीच नसेल, कान लख्ख असेल, तर सुटलो असं समजू नका, खरं काम तिथून सुरू होतं. कारण कानाला ज्या नसा जातात त्यांच्याच शाखा दाढा, जबडा, जीभ आणि घसा यांनाही जातात. बिघाड एकीकडे, कळ दुसरीकडे. "कोराडीच्या वीजकेंद्रात बिघाड झाला तर बल्ब तुह्या घरचा जाते," त्या म्हणायच्या. "मग तू काय बल्ब बदलत बसशील?"

हे मला पाठ होतं. परीक्षेत यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. आणि तरीही मी चुकलो.

पारशिवनीकडच्या एका खेड्यातून कमलाबाई नावाच्या एक बाई यायच्या, सोबत त्यांची सून सुनीता. वय माझ्या आईएवढं, बोलणं हळू, पदर नीट डोक्यावर. उजवा कान दुखतो एवढीच तक्रार. मी कान पाहिला. पडदा मोत्यासारखा स्वच्छ. 'कान निरोगी' असं लिहून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. महिन्याभराने त्या परत आल्या. पुन्हा कान पाहिला, पुन्हा निरोगी. पाच महिन्यांत त्या चार वेळा आल्या. मी त्यांना 'आई' म्हणायचो, बसायला खुर्ची द्यायचो, गावचं पीकपाणी विचारायचो. सगळ्या विभागात माझ्याइतका गोड बोलणारा डॉक्टर नव्हता, आणि मला त्याचा अभिमानही होता.

एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. आमच्याकडे पावलापावलावर पानठेले आहेत. तिथे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा विकतात, आणि तो खिशात बाळगणं कुणाला वावगं वाटत नाही. पण आईच्या वयाच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईला 'तुम्ही खर्रा खाता काय' असं कसं विचारायचं? घरी मला तसं वळण नव्हतं. तो प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, हेही मी कबूल करतो. मी तो गिळला.

चौथ्या वेळी मॅडम सहज टेबलाशी थांबल्या. माझी तीन वेळची नोंद वाचली आणि उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, खर्रा खाता काय?"

कमलाबाईंनी मान खाली घातली. सुनीता झटकन म्हणाली, "नाही जी, आमच्या घरी बाया नाही खात."

मॅडमनी सुनीताला पाणी आणायला पाठवलं आणि मलाही पडद्याआड उभं केलं. मग आवाज खाली आणून पुन्हा विचारलं. कमलाबाई पुटपुटल्या, "खातो जी. वावरात साऱ्याच खातात. गालात धरून ठेवलं का भूक लागत नाही."

मॅडमनी हातमोजा चढवला, त्यांना तोंड उघडायला लावलं आणि जिभेच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा बदलला. मग मला बोलावलं, हातमोजा घालायला लावला, माझं बोट धरून त्याच जागी टेकवलं. खडबडीत जखम होती, आणि तिच्याखाली सुपारीसारखी टणक गाठ. पुढे तुकडा तपासणीला गेला आणि कॅन्सरच निघाला, पण त्या क्षणीच मला कळून चुकलं होतं.

त्या दुपारी मॅडमनी केसपेपरवर चार ओळी लिहिल्या. रुग्ण पाच महिन्यांत चार वेळा आली. दर वेळी कान पाहिला. तोंड एकदाही पाहिलं नाही. उशीर आमच्या विभागात झाला. माझं नाव त्यात नव्हतं. खाली सही होती ती त्यांची.

दोन दिवसांनी अधीक्षक स्वतः विभागात आले. मोठ्या मिठ्ठास आवाजात म्हणाले, "मॅडम, एवढं कायले लिहिता? 'रुग्ण उशिरा आली' असं लिहा ना. सारेच लिहितात."

"ती उशिरा नाही आली," मॅडम म्हणाल्या. "ती चारदा आली."

मी तिथेच उभा होतो. तो कागद मॅडमनी फाडून टाकावा असं मला मनापासून वाटत होतं, हे आज लिहिताना लाज वाटते. त्यांनी तो फाडला नाही. त्याबद्दल त्यांना खुलाशाची नोटीस आली. पुढे वरच्या जागेचा प्रश्न निघाला तेव्हा 'बाईंचा स्वभाव जुळवून घेणारा नाही' असं सांगून ती जागा दुसऱ्याला दिली गेली, आणि मॅडम त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. त्यांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी काढतो. 'रुग्ण उशिरा आली' हे वाक्य लिहिणारे सगळे वर चढले आणि खरं लिहिणारी बाई तिथेच राहिली. याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

अधीक्षक येऊन गेल्यावर मी दोन दिवस कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या भाड्याच्या खोलीवर आल्या. सोबत डबा होता. आधी मला जेवायला बसवलं. मग एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून ये. अन् तिचं ऑपरेशन झालं का आपण दोघं तिच्या गावाले जाऊ. तिले तू सांगशील."

कमलाबाईंची अर्धी जीभ काढावी लागली. पाच महिने आधी कदाचित चिमूटभर काढून भागलं असतं. त्या वाचल्या, पण त्यांचं बोलणं फक्त सुनीतालाच समजायचं. मॅडम आणि मी एसटीने पारशिवनीला गेलो, तिथून ऑटोने गावात. कमलाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं की चूक माझी होती, तुमचं तोंड पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं, मी पाहिलं नाही. याहून कठीण वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

कमलाबाई बराच वेळ काहीतरी बोलल्या. सुनीताने ते सांगितलं, "म्हणतात, डॉक्टर मले आई म्हणे. पोरासारख्या माणसापाशी कसं सांगू, खर्रा खातो म्हणून? लाज वाटे." मग तिचा स्वतःचा आवाज चढला. "तुमाले इचारायची लाज, यायले सांगायची लाज. न म्या तरी काय केलं? नाही जी म्हणून मोकळी झालो. आपली साऱ्यायची अब्रू राह्यली न जीभ यायची गेली!"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलून मला सोडवतील असं वाटलं. त्यांनी सोडवलं नाही. परतीच्या गाडीत मात्र खिडकीकडे तोंड करून त्या रडत होत्या.

त्या आठवड्यात मॅडमनी एक रबरी शिक्का करून घेतला. प्रत्येक केसपेपरवर तो उमटायचा: 'तंबाखू, खर्रा? तोंड पाहिले?' नाव, गाव, वय विचारतो तसंच हेही विचारायचं. बाई असो, बुवा असो, हेडमास्तर असो की कीर्तनकार. काही जण चिडायचे, एका वजनदार गृहस्थांनी तर वरपर्यंत तक्रार केली. मॅडमनी त्यांचंही तोंड पाहिलं.

आता या लेखाबद्दल. गौरव समितीच्या कार्याध्यक्षांनी पहिला मसुदा वाचला आणि गेल्या महिन्यात ते मला भेटायला कामठीला आले. वयाने मोठे, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे सज्जन गृहस्थ. म्हणाले, "लेख चांगला आहे हो. पण मंगल प्रसंग आहे. कॅन्सर, चूक, नोटीस, हे सारं काढून टाका. दोन गोड शब्द लिहा." हे बोलताना त्यांचा डावा तळहात सारखा कानावर जात होता. शर्टाच्या खिशातून खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी डोकावत होती.

खरं सांगतो, क्षणभर मी चहा मागवायच्याच बेतात होतो. इतकी वर्षं झाली तरी जुनं वळण जात नाही. मग माझा पारा चढला.

"कान कधीपासून दुखते?"

"अहो, मी लेखाबद्दल बोलून राहिलो."

"मी कानाबद्दल बोलून राहिलो. खर्रा किती खाता? तोंड उघडा."

ते संतापले, उठले, आणि पुन्हा बसले. उघडलं तोंड. कान साफ होता. जीभ, गाल, घसा, मान सगळं चाचपून पाहिलं. मागची दाढ किडून हिरडी सुजली होती, कळ तिथूनच येत होती. दाढ काढल्यावर कान दुखायचा थांबला, पंधरा दिवसांनी मी पुन्हा तपासून खात्री केली. खर्रा कमी केला असं ते सांगतात. माझा विश्वास नाही. पण लेखातला एकही शब्द त्यांनी कापला नाही, आणि हा परिच्छेदही त्यांनी वाचलेला आहे.

मॅडमना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मान दोन्हीकडून चाचपली काय?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "त्या बाईचं नाव बदल. माहं सारं राहू दे. अन् खाली तुहं नाव पुरं लिही." त्याप्रमाणे केलं आहे.

वाचकांनाही मी आर्जवाने वगैरे काही सांगणार नाही, रागानेच सांगतो. एका बाजूचा कान दोन-तीन आठवडे दुखतो आहे, कानात काही सापडत नाही, तर गोळ्या खात बसू नका. डॉक्टरला म्हणा, माझं तोंड आणि घसा पाहा. त्याने विचारलं नाही तरी खर्रा, तंबाखू, विडी जे असेल ते सांगा. त्याच्या वळणाची काळजी तुम्ही करू नका.

मॅडम, आजही आठवड्यातून दोन दिवस तुम्ही नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या दवाखान्यात बसता. तुमची नजर अशीच स्वच्छ राहो, हात स्थिर राहोत, गुडघे जिना चढू देवोत, आणि तुमचा राग तसूभरही कमी न होवो. तुम्हाला शंभर वर्षं मिळावीत हे मी स्वार्थाने मागतो आहे, कारण माझ्या मागे कुणीतरी उभं असलेलं मला अजून लागतं. तुमच्या शंभरीला पुन्हा ग्रंथ निघेल आणि त्यातही मी लिहीन. त्या लेखात सांगायला माझ्याजवळ दुसरी कमलाबाई नसेल, एवढा शब्द मी तुम्हाला देतो.

डॉ. संजय महादेव खडतकर, कामठी