घरची मेथी

आमच्या साडूंइतका भाजीला घाबरणारा माणूस उभ्या नाशकात सापडायचा नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर मीटरवर नजर ठेवून ते निवृत्त झाले आणि ती नजर भाजीकडे वळली. ही गटाराच्या पाण्यावर तर वाढली नसेल, या धास्तीने लग्नाच्या पंगतीतही ते वांग्याची उलटतपासणी घेत. शेवटी त्यांनी भाजीवर उजेड पाडून परतलेला उजेड मोजणारं एक डबडं आणलं, संगणकाला जोडलं आणि गावोगावच्या जुड्या दाखवून त्याला शिकवलं. भाजी समोर धरली की पडद्यावर गावाचं नाव उमटे, आणि कुठल्या गावचं पाणी कसलं हे साडूंना पाठ होतं. भाजीवाली "चांदोरीची हाय" म्हणाली, की हे पिशवी घेऊन घरी, आणि तासाभराने परत. "मावशी, ही गिरणाऱ्याची." ती बाई त्यांना लांबून पाहूनच पाटी झाकू लागली.

तपासणीतून सुटलेली भाजी एकच. चांदवडला एकटी राहणारी त्यांची थोरली बहीण, अक्का, दर आठवड्याला एसटीने आपल्या शेतातली मेथी पाठवायची, जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधलेली. "घरच्या भाजीला कसली तपासणी?" साडू म्हणत. पण एकदा मला यंत्राची करामत दाखवायच्या भरात त्यांनी तीच जुडी धरली. पडद्यावर आलं, 'गिरणारे'. त्यांनी काच पुसली, सहा वेळा जुडी धरली. सहाही वेळा तेच.

"यंत्र चुकलं असेल," मी म्हणालो.

"चुकलेलं बरं," ते म्हणाले. यंत्र बरोबर असेल, तर शेताचं काय झालं, आणि अक्काचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चांदवडला गेलो. अक्काच्या वावरात कमरेएवढं गवत होतं. ती ओसरीवर सुजलेले गुडघे पसरून बसली होती आणि बाजारच्या जुड्यांची सुतळी सोडून त्यांना चिंध्या बांधत होती. आम्हाला पाहून तिने जुड्यांवर पदर ओढला.

"घरचीच हाय रे," कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली.

खोटं पकडायला हा माणूस उन्हातान्हात तीन खेपा घालतो, हे ठाऊक असल्याने मी मागून त्यांची बाही ओढली. साडू तिच्याजवळ टेकले.

"या खेपेला लय कोवळी निघाली, अक्का."

"पानी दिलं ना लय," अक्का म्हणाली.

घरी येऊन त्यांनी संगणकाला एक नवं ठिकाण शिकवलं. आता चिंधीची जुडी धरली की पडद्यावर येतं, 'घरची'. ते वाचून साडू सुस्कारा सोडतात. ज्या आठवड्यात जुडी वेळेवर येत नाही, त्या आठवड्यात मात्र ते यंत्र लावतच नाहीत. फोन हातात धरून गॅलरीत उभे राहतात.