अंजिराच्या पाच काड्या

सासवडकडच्या आमच्या घरासमोरचं अंजीर रस्ता रुंद करायला तोडलं, तेव्हा बाबांनी त्याच्या पाच काड्या ओल्या धोतरात गुंडाळल्या आणि थेट मुलुंडला माझ्या सासरी आणल्या. झाड पडल्यापासून ते पुढच्या अंगणात बसतच नव्हते, चहासुद्धा मागच्या दारी घ्यायचे. "यातली एक तरी जगव," म्हणाले. "संक्रांतीला येतो बघायला."

लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले, अंगात जोर भलताच. "एक काय, पाचही जगवते!" मी ठणकावून सांगितलं. तोवर आयुष्यात मी मोड आणले होते ते फक्त मटकीला.

दोन खोल्यांत ऊन येणारी खिडकी एकच. तिथला नवऱ्याचा दाढीचा आरसा मी हलवला आणि माझी शेती मांडली. पहिली काडी दुधाच्या काचेच्या बाटलीत, पाण्यात. म्हणजे मुळं फुटताना दिसतील! दिसला तो हिरवा बुळबुळाट, आणि वास तर असा की नवरा दाढी करायला जिन्यात जाऊन उभा राहिला. पाणी बदलायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

दुसरी डब्यात लावली. आठव्या दिवशी तिला चक्क दोन पानं! मी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. पंधराव्या दिवशी दोन्ही पानांनी माना टाकल्या. उपटून बघते तर खाली मुळाचा पत्ता नाही. काडीने अंगात होतं नव्हतं ते सगळं पानांवर उधळलं होतं. शेजारणी मात्र पेढ्याला जागल्या. जिन्यात भेटली की एकेक विचारायची, "काय गं, अंजिरं कधी?"

झालं, माझा पानांवरचा विश्वासच उडाला. तिसरी काडी मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी उपटून मुळं आली का बघायची आणि परत खोचायची. ती कशी जगणार? चौथीची कथा तर सांगायची लाज वाटते. सासूबाई मालवणकडच्या. मासे धुतलेलं पाणी घातलं की कढीपत्ता फोफावतो, असं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी बांगड्याचं पाणी ओतलं अंजिराला. संध्याकाळी घरी आले तर डबा आडवा, माती लादीभर, आणि बिल्डिंगमधला बोका काडी तोंडात धरून माझ्याकडे रागाने बघतोय.

पाचवी उपटायला मी हात घातला तेव्हा सासूबाई कडाडल्या, "अगो, रोज उपटून बघतस तर मुळां येतली कशी? बाळंतिणीक कोण रोज उठवन बसयता काय?"

"माझ्या बाबांची काडी आहे, मी बघीन काय ते," मी म्हटलं. आगाऊपणाच, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी खिडकी रिकामी. विचारलं तर म्हणाल्या, "टाकलंय. एका काठयेचा काय ता कौतिक!"

मी मोरीत जाऊन ढसाढसा रडले. त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं ते मीठ-मसाल्यापुरतं. संक्रांत जवळ यायला लागली तशी माझी झोप उडाली. बाबांना काय तोंड दाखवू? मालाडच्या नर्सरीतून दुसरं रोप आणून ठेवावं, असंही मनात आलं. पण आपलं झाड ते पान बघूनच ओळखतील, याची खात्री होती.

संक्रांतीच्या सकाळी सासूबाई दुखरे गुडघे धरत आपल्या पलंगाखाली वाकल्या. ती जागा त्यांची होती. कोकमाच्या आणि लोणच्याच्या बरण्या तिथे असायच्या, मला तिथे केर काढायचीही मुभा नव्हती. बरण्यांच्या मागून त्यांनी गोणपाट गुंडाळलेला डबा ओढून काढला. गोणपाट सोडलं. काडीच्या टोकाला नखाएवढं पान होतं, अंधारात राहून पिवळट पडलेलं.

"चाळीस दिस झाले," त्या म्हणाल्या. "आता दाखव तुझ्या बापाशीक."

मी वाकून नमस्कार केला, तर म्हणतात कशा, "पुरे गो, तीळ करपतले!"

दुपारी बाबा आले. डबा खिडकीत होता. सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "तुमच्या चेडवान जगवल्यान."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. "हिनं? अहो विहीणबाई, लहानपणी ही पेरलेले शेंगदाणे रोज उकरून बघायची. एक रोप वर येऊ दिलं नाही पोरीनं! खरं सांगा, कुठं लपवला होता?"

"खाटल्याखाली," सासूबाई पुटपुटल्या. मी लाजेने लाल.

बाबा खिडकीपाशी बसले. डबा मांडीवर घेतला, पानावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांचा हात हळूच काडीच्या बुडाशी गेला. दोन बोटांनी त्यांनी काडी पकडली आणि जराशी वर ओढली.

"व्याहीनु, हात लावचो नाय!" म्हणत सासूबाईंनी व्याह्यांच्या हातावर सण्णकन चापटी मारली.

मग बाबा हसायला लागले, डबा पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मुळं आलीत की नाही, तेवढंच बघत होतो हो," ते म्हणाले.