आग्नेयेची भिंत

जे आता नाही ते नेमकं कुठं नाही, हे माझ्या थोरल्या दिरांइतकं अचूक सांगणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. भाऊजींची सारी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीतल्या पाडलेल्या, बुजवलेल्या, जळालेल्या जागांचे जुने फोटो जमवले, ते मोठे छापून घेतले आणि घरभर लावले. इथवर माझी काही तक्रार नाही. घर सजवावं. पण ती जागा घरापासून ज्या दिशेला होती, त्याच दिशेच्या भिंतीवर तिचं चित्र लागलं पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यासाठी होकायंत्र कायम खिशात.

मी एकदा खोलीवार यादी केली होती. एकूण अकरा चित्रं, त्यातली दिवाणखान्यात फक्त दोन. टांग्यांचा अड्डा पूर्वेला, म्हणून तो फ्रिजच्या मागे. वरून नुसते घोड्यांचे कान दिसायचे. लाकडाची वखार कपड्यांच्या कपाटाच्या आत. हरिपूर गावाच्या बाजूला नेमका संडास, त्यामुळे तिथली हळदीची पेवं त्या दारावर. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्याचा फोटो म्हणजे मधोमध एक मोठं काळं भोक आणि कडेला फेटेवाला माणूस. नवखा पाहुणा दारापाशी थबकायचा आणि मग बेताबेतानंच आत पाऊल टाकायचा. मी म्हटलं, "भाऊजी, निदान हे तरी दुसरीकडं लावा." तर म्हणाले, "अगं, मी कुठं लावलंय? ते तिथंच होतं."

छपाई कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडं. त्याचं आयुष्य वाढदिवस आणि दशक्रियेच्या बोर्डांत गेलेलं. भाऊजी जुन्या टॉकीजचा फोटो घेऊन गेले आणि गहिवरून म्हणाले, "हे आता आपल्यात नाही." त्यानं इमानेइतबारे फोटोभोवती झेंडूचा हार छापला आणि खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दुसऱ्या कुणी भांडण केलं असतं. भाऊजी खूश. "त्याला एकट्याला कळलं," म्हणत त्यांनी ते तसंच उत्तरेला, पलंगाच्या उशाशी लावलं. त्या श्रद्धांजलीखाली थोरल्या जाऊबाई तीन वर्षं झोपल्या.

जाऊबाई कडेगावकडच्या, बोलायला रोखठोक. पण गुडघ्यांनी त्यांना दगा दिला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले. पुतण्याचा साताऱ्यात तळमजल्यावर फ्लॅट, आमच्या शेजारच्याच गल्लीत. तो दोघांना बोलावून दमला, पण भाऊजी हलेनात. शेवटी मला पाठवलं. मी मुद्दे लिहूनच नेले होते. एक, गुडघे. दोन, दवाखाना जवळ. तीन, भाजी दारात.

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकलं, टेबलावर नकाशा पसरला आणि त्यावर पट्टी ठेवली. "साताऱ्यातनं सांगली आग्नेयेला येते. म्हणजे अकराच्या अकरा एकाच भिंतीवर. त्या फ्लॅटला आग्नेयेला काय आहे?"

मी आधीच बघून ठेवलं होतं. "स्वयंपाकघर. शेगडीची भिंत."

"मग? फोडणीत घालू का सगळी सांगली?"

मी यादीत चौथा मुद्दा शोधत होते, तेवढ्यात आतून जाऊबाईंचा आवाज आला. "आवं, ऐकताय काय? मी दिवाळीपासनं खाली उतरले न्हाई. गल्लीतल्या बायका इचारत असत्याल, म्हातारी हाय का गेली. माझा बी फोटो मोठा करून लावा की भिंतीला. दिशा कंची ते तुमीच ठरवा. आन् त्या फ्लेक्सवाल्याला म्हणावं, हार इसरू नगं."

भाऊजींची पट्टी नकाशावर तशीच राहिली. मीही वही मिटली. मग ते उठले, हातोडी घेतली आणि उशाकडच्या भिंतीचे खिळे काढायला लागले.

आता ते साताऱ्यात आहेत. शेगडीवरच्या भिंतीवर एकही चित्र नाही; त्यांनी मापच घेतलं नाही. मी अकराही गुंडाळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवल्यात. संध्याकाळी भाऊजी फाटकापाशी उभे असतात. इथलं काय काय गेलं, हे त्यांना माहीत नाही आणि त्यांनी कुणाला विचारलेलंही नाही. त्यांना इतकं गप्प बघायची मला सवय नाही.

परवा मी डबा द्यायला गेले, तर ते मोबाइल डोळ्यांसमोर धरून रस्त्यापलीकडच्या इस्त्रीच्या टपरीचा फोटो घेत होते. साधी पत्र्याची टपरी, आत कोळशाची इस्त्री फिरवणारा माणूस. मी विचारलं, "ही पाडणार आहेत का?"

"नाही गं. आहे म्हणून घेतोय."

तेवढ्यात जाऊबाई काठी टेकत, मेथीची जुडी काखेत मारून रस्ता ओलांडत आल्या आणि बरोबर मोबाइलसमोर थांबल्या. "मधी आले व्हय? सरकू का?"

"नको," भाऊजी म्हणाले. "तिथंच थांब जरा."

त्या थांबल्या, पदर नीट केला. भाऊजींनी फोटो घेतला आणि त्या आत निघून गेल्या, तरी ते मोबाइलकडं बघत फाटकापाशीच उभे राहिले.