न सरकलेला तारा

थोरली सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. त्याच हातांनी तिनं दुर्बिणीचा आरसाही घरी घासून तयार केला होता, आणि गच्चीवरच्या त्या दुर्बिणीला नवऱ्यानं विचारल्याशिवाय हात लावलेलाही तिला खपत नसे. दूरच्या दीर्घिका म्हणजे दुर्बिणीतून धुरकट दिसणारे डाग. त्यांच्या आसपासचे तारे तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे पाठ होते. एखाद्या दीर्घिकेत कधीतरी एखादा तारा फुटतो आणि काल काही नव्हतं तिथं आज ठिपका दिसतो. तो सगळ्या जगाआधी आपल्याला दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं. लग्नाआधीपासून ती वाट बघत होती. ठिपका काही दिसला नव्हता, पण थोरलीची नजर कधी चुकत नाही हे घरातल्या सगळ्यांना मान्य होतं. सासऱ्यांना सुईत दोरा ओवून हवा असला की तेही तिलाच हाक मारायचे.

मग धाकटी जाऊ घरात आली. नर्स होती. हसरी, बोलघेवडी, आणि बघता बघता सासऱ्यांची लाडकी झालेली. तेही थोरलीनं गिळलं. पण "ताई, मलाही शिकवा ना," म्हणत ती गच्चीवर चढली, तेव्हा थोरलीला मनापासून राग आला. नाही म्हणायला कारण मात्र सापडेना.

एका संध्याकाळी थोरली दुकानातून उशिरा आली, तर धाकटी जिन्यातच उभी.

"ताई, लवकर चला! त्या तिरक्या दीर्घिकेच्या कडेला ठिपका आहे. परवा नव्हता!"

थोरलीनं दुर्बिणीला डोळा लावला. ठिपका होता. तिचा नुसता जळफळाट झाला.

"लघुग्रह असेल," ती म्हणाली. "असे दगडधोंडे वाटेत येतात आणि आपल्याला फसवतात. तासाभरानं पुन्हा बघायचं. सरकला, तर लघुग्रह. जागच्या जागी राहिला, तर फुटलेला तारा, मग खगोलशास्त्रज्ञांना कळवायचं."

रीत खरीच तशी होती. धाकटी खाली गेली, आवरून रात्रपाळीसाठी तयार झाली आणि निघण्याआधी पुन्हा वर आली. थोरली दुर्बिणीपाशीच होती. ठिपका खिळा ठोकल्यासारखा जिथल्या तिथं होता. आरसा घासून घासून बोटं सोलली माझी, आणि काल आलेल्या हिला दिसावं!

"काय झालं, ताई?"

"सरकलाय."

"नक्की?"

"का? माझ्या नजरेवर भरवसा नाही?"

"छे हो! बरं झालं तुम्ही होतात. नाहीतर माझं केवढं हसं झालं असतं!" असं म्हणून धाकटी खुशीत कामावर गेली.

उद्या आपण एकटीनं बघायचं आणि आपणच कळवायचं, असं थोरलीनं ठरवून टाकलं. मग धाकटीला काय तोंड दाखवायचं, याचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. तिसऱ्या दिवशीही तेच. ढग हटेपर्यंत कुठल्याशा परक्या देशातल्या एका निवृत्त मास्तरांनी कळवूनही टाकलं होतं.

जेवताना धाकटीनं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. "अहो ताई, ही तर आपलीच दीर्घिका! म्हणजे तो सरकलाच नव्हता!"

सगळे थोरलीकडे बघायला लागले. खोटं बोलले म्हणावं, तर घरात राहायची सोय नाही. तिनं घास गिळला.

"चुकले गं मी. नीट दिसलं नाही."

धाकटी चिडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. पण तिनं थोरलीचा हात हातात घेतला. "असू द्या हो. दिवसभर काचांत डोळे घालून बसता, थकणारच की."

तेव्हापासून थोरलीनं गच्चीवर काहीही दिसलं म्हटलं, की धाकटी मायेनं म्हणते, "थांबा ताई, एकदा मीही बघते." आणि सासरे सुईदोरा घेऊन धाकटीला हाक मारतात.