ताईला आणायला निघालेली जीप

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि भाऊ मुराळी म्हणून त्यांना आणायला जातो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, लागोपाठ तिसऱ्या वर्षी, मी ताईला आणायला सुरतेकडे जीप काढली. आधीच्या दोन्ही वर्षी नवापूरच्या अलीकडेच इंजिनाचं हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्याखालची पातळ पट्टी) उडालं होतं आणि ताई सुरतेजवळ कोसाडच्या घरात वाट बघत राहिली होती. पायात सळई घातल्यापासून तिला गर्दीच्या पॅसेंजरमध्ये चढवत नाही. म्हणजे तिचं माहेर माझ्या जीपवर अवलंबून, आणि जीप ही अशी नाठाळ.

यंदा गॅस्केट कोरं होतं. नवापूर गेलं, सोनगड गेलं, व्याराही गेलं. मी खुशीत गुणगुणत होतो. बारडोलीजवळ दोन्ही बाजूंना ऊसच ऊस लागला आणि तापमानाचा काटा चढायला लागला. बॉनेट उघडलं तर वाफेने तोंडच भाजलं. मी नेहमीप्रमाणे कॅनमधलं गार पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, उरलेलं इंजिनावर टाकलं. थांबत, ओतत कसाबसा सुरतेच्या वेशीवरच्या पर्वत पाटियापर्यंत पोचलो.

तिथले म्हातारे मिस्त्री कनुकाका घाईतले नव्हते. आधी त्यांनी मला लोचो (हरभऱ्याच्या डाळीचा मऊ, वाफवलेला पदार्थ) खायला घातला. मग हेड उतरवलं, पालथं करून त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरली आणि मला वाकून बघायला लावलं. मधोमध पट्टीखालून उजेड दिसत होता.

"गॅस्केट तो सारुं छे. हेड वांकुं थई गयुं छे," ते म्हणाले. (गॅस्केट चांगलंच आहे, हेड वाकलंय.) "गरम एन्जिन पर ठंडुं पाणी नाखो छो ने?" (तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतता ना?)

मी कबूल केलं. शेतावरून दमून आलेल्या बैलाला आम्ही आधी पाणी दाखवतो, तीच माया मी इंजिनावर करत होतो. रेडिएटरच्या नळ्याही आमच्या विहिरीच्या क्षारांनी गच्च बुजल्या होत्या. गावचा मिस्त्री दर वेळी नुसतं गॅस्केट बदलायचा आणि मी त्याला शाबासकी द्यायचो.

"नवुं गॅस्केट नाखीने सांजे मोकलुं," काका म्हणाले, "पण घर सुधी नहीं जाय." (नवं घालून संध्याकाळी पाठवतो, पण घरापर्यंत जाणार नाही.) हेड घासून सपाट करायचं, रेडिएटर साफ करायचा, तर दोन दिवस. आखाजी दुसऱ्याच दिवशी होती.

रिक्षाने कोसाडला गेलो. ताई नवं लुगडं नेसून दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. मान वर होत नव्हती.

"दोन साल वाट दखी ना भाऊ," ती म्हणाली, "आखो दोन दिन दखसु. पन आते नीट कर." (दोन वर्षं वाट पाहिली ना भाऊ, अजून दोन दिवस बघीन, पण आता नीट कर.)

आणि आत जाऊन रडली. पातळ भिंतीचं घर, सगळं ऐकू आलं.

काकांनी बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे करत आवळले, इंजिन चालवून पुन्हा तपासले. बजावलं, तापलं तर थांब, निवू दे, मगच रेडिएटरचं झाकण उघड. तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. ताई वाटभर काट्याकडेच बघत होती. गावात पोचलो तेव्हा बाकीच्या लेकी परतायला लागल्या होत्या. मायने तिला कवटाळलं.

"आखाजी व्हई गई वं माय," ताई म्हणाली. (आखाजी होऊन गेली गं आई.)

"कोन म्हने? तू आज उनी, आज आखाजी!" (कोण म्हणतं? तू आज आलीस, आज आखाजी!)

पाच दिवसांनी भाऊजींचा निरोप आला, तिला परत पोचवायला निघालो. ताई मागे वळून बघत होती. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली. काटा जागचा हलला नाही. एवढी शहाण्यासारखी जीप कधीच चालली नव्हती. आणि कोसाड जवळ आलं तसा मी वेड्यासारखा बॉनेटकडे बघत होतो, कुठून तरी वाफ निघावी म्हणून.