मल्लेशमामांचा आवाज

आमच्या सासऱ्यांचा, मल्लेशमामांचा आवाज कसा आहे, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. साखर पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी माझ्या नवऱ्याला "अंबादास!" अशी हाक मारली की बोळातले होते नव्हते तेवढे अंबादास बाहेर यायचे. त्यात त्यांचा काय दोष? उभा जन्म यंत्रमागावर गेलेला माणूस हळू बोलेल कसा? कारखान्यात खडखडाट एवढा, की शेजारच्या मागावरच्याशीही ओरडून बोलायचं, आणि ओरडूनही कळलं नाही तर हातवारे करायचे. घरी आल्यावर मामांचा आवाज काही खाली यायचा नाही. सासूबाई, गंगम्मा, दारात विड्या वळत बसायच्या आणि त्यांच्या दुप्पट ओरडून उत्तर द्यायच्या. मी माढ्याची, मराठी घरातली. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, या घरात मोठं भांडण चालू आहे. मग कळलं की ते दोघं तेलुगूत एकमेकांना 'जेवलास का, जेवलीस का' विचारतायत.

सासूबाई गेल्या आणि त्या भांडणात एकच माणूस उरला. पाठोपाठ मामांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. अंबादास एकुलता एक. त्याने वडिलांना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आणलं.

आम्ही राहतो इंग्लंडच्या उत्तरेला, टेकड्यांच्या कुशीतल्या एका खेड्यात. दगडी घरं, एक चर्च, एक दुकान आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या. मी इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, अंबादास घरूनच कंपनीचं काम करतो. गाव चित्रासारखं सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण शांतता अशी, की कुत्रंसुद्धा परवानगी काढून भुंकत असावं. मामा त्याला नुसतं 'मेंढ्याचं गाव' म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी दुकानदारीणबाईंना "थँक्यू!" म्हटलं आणि त्यांच्या हातातली अंडी पडली. बस थांब्यावर एका आजोबांना "नमस्कार!" घातला, तर ते बिचारे दोन पावलं मागे सरले. वाईट कुणीच वागलं नाही. इथले लोक गोड हसतात आणि जरा लांब उभे राहतात, एवढंच. अंबादासचा जीव मात्र अर्धा व्हायचा. तो वडिलांना म्हणायचा, "नाना, हळू." जेवताना, फोनवर, अंगणात, सगळीकडे "नाना, हळू." त्याचाही राग करता येईना. या गावात आपलं घर म्हणून जागा मिळवायला आम्हाला बरीच वर्षं लागली होती.

मामांनी हळू बोलायचा प्रयत्न केला. जमेना. जित्याची खोड ती. मग त्यांनी बोलणंच सोडलं. काही विचारलं तर मान हलवायचे. रात्री त्यांना झोप लागत नसे. सोलापुरात मागांच्या आवाजात ते गाढ झोपायचे आणि वीज गेली की दचकून उठायचे. इथे तर वीज कायमचीच गेल्यासारखी. दुपारी मी कपडे धुवायचं मशीन लावलं की ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि घोरू लागत. मला आधी हसू आलं. नंतर मी धुतलेलेच कपडे पुन्हा मशीनमध्ये घालायला लागले.

दुसरा महिना संपता संपता ते मला म्हणाले, "पोरी, माझं तिकीट काढ. जातो मी."

"मामा, तिथं घराला कुलूप आहे. रात्री छातीत दुखलं तर कोण आहे?"

"कुणी न्हाय. पर तितं वरडलो तर कुणीतरी येईल की."

अंबादासने दोन दिवस वाद घातला आणि हताश होऊन पुढच्या रविवारचं तिकीट काढलं.

त्या आठवड्यात अंबादासला एक दिवस बाहेरगावी जावं लागलं. मामांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी त्यांना माझ्याबरोबर वृद्धाश्रमात नेलं. आमच्याकडे डोरोथीबाई म्हणून एक आहेत. नव्वदीच्या आसपास, ठार बहिऱ्या. कानातलं यंत्र काढून चहाच्या कपात टाकणार आणि दिवसभर खिडकीशी तोंड फिरवून बसणार. आमच्याशी बोलणं त्यांनी कधीच सोडलेलं.

मामांना मी तिथल्या दिवाणखान्यात दाराजवळ बसवलं आणि कामाला लागले. संध्याकाळी दिवाणखान्यात साफसफाईचं मशीन घरघरत होतं. त्या आवाजाने मामांना काय झालं कोण जाणे, त्यांनी मला लांबून खूण केली. नसलेला एक दांडा हाताने खटकन ओढला आणि भुवया उंचावल्या. मला काही कळेना.

डोरोथीबाईंनी मात्र ते खिडकीच्या काचेत पाहिलं असावं; त्या वळल्या आणि खदखदा हसल्या. त्यांनी मामांकडे बघून जोरात मान हलवली, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि तोच दांडा उलटा ढकलला. इतक्यात माग बंद करायचा नाही, पाळी संपायची आहे!

मामा उठलेच. मध्ये पाय पसरून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना ओलांडून ते त्यांच्यासमोर जाऊन बसले. पुढचा तासभर मी जे पाहिलं ते सांगून पटायचं नाही. मामा तेलुगूत ओरडतायत, बाई इंग्रजीत तोंड मोठं मोठं करून बोलतायत, आणि दोघांचे हात हवेत चालले आहेत. धागा तुटला. गाठ मारली. आडवा धागा नेणारा धोटा उडाला, हा बघ, इथे लागला. तरुणपणी या टेकड्यांपलीकडच्या कापडगिरणीत त्या माग चालवत होत्या, हे आम्हाला कधी समजलंच नव्हतं. बाईंनी आपण चालवलेले माग बोटांवर दाखवले. मामांनी ती बोटं हाताने धरून पुन्हा मोजली.

निघताना बाईंनी मामांची बाही घट्ट धरली आणि मला विचारलं, "हे उद्या येतील ना?" मी आत जाऊन डोळे पुसून आले.

घरी पोचलो तेव्हा अंबादास परतला होता. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर शेजारी गुलाबाच्या फांद्या छाटत होता. मामा मुलाजवळ गेले आणि इतके दिवस शिकवलं होतं तसं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले.

अंबादास त्यांच्याकडे बघत राहिला. आपल्या बापाचं आपण काय करून ठेवलंय, ते त्याला तेव्हा दिसलं असावं. तो म्हणाला, "नाना, ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोला."

मामांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"तिकीट रद्द कर म्हंतो! आरं, ती बाई एकटी आठ माग चालवत व्हती! आठ! मी उद्या जानार हाय तितं!"

टेकडीवरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. शेजाऱ्याची कात्री थांबली, तो वळून आमच्या खिडकीकडे बघू लागला. मला वाटलं, अंबादास आता खिडकी लावणार. तो खिडकीपाशी गेला, अर्धा बाहेर वाकला आणि रडत रडत, वडिलांच्याच आवाजात त्या शेजाऱ्याला ओरडून म्हणाला, "माय फादर!"