पेणहून भरून आलेला डबा

मंडळी, टीव्हीवरच्या पिक्चरला बसायच्या आधी चाळीचा हा फळा वाचा. शांताकाकींना वाचता येत नाही, म्हणूनच इथे लिहितोय. कोणी त्यांना वाचून दाखवलंत तर याद राखा!

आज पहाटे विक्रोळीहून एकटाच सायकलने पेणला गेलो. काकींनी लेकीसाठी, आपल्या सिंधूसाठी, करंज्यांचा डबा दिला होता. खड्ड्यांत करंज्या मोडू नयेत म्हणून तो कॅरियरला न बांधता पिशवीत घालून गळ्यात अडकवला.

सिंधूच्या सासूने डबा उघडला आणि सिंधूच्या डोळ्यांदेखत करंज्या म्हशीपुढे ओतल्या. सिंधू मान खाली घालून उभी. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग.

"रिकामा डबा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही," असं म्हणत सासूने त्यात चुलीतली राख भरून दिली.

आणि मी काय केलं? "येतो" म्हणालो आणि सायकलवर बसलो! राख रस्त्यात फेकली, डबा नळावर धुतला आणि पेणच्या बाजारातून पोह्यांचे पापड घेऊन भरला.

काकी डबा बघून रडल्याच. "माझ्या चेडवाक सासू किती बरी गावली रे!" लगेच पापड तळून घरोघरी वाटले. तुम्ही सगळ्यांनी ते चहाबरोबर खाल्लेत.

पुढच्या रविवारी काकी मोठा डबा देणार आहेत. सिंधूला घेऊन यायला माझ्याबरोबर कोण येतंय? की पुन्हा पापडच आणू?